एका छपराखाली दोन मापे

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस बारावीचा निकाल लागतो आणि वृत्तपत्रांतून 'यंदाही मुलींचीच बाजी' हा मथळा ठरल्याप्रमाणे झळकतो. २०२४ च्या परीक्षेत राज्यातील ९५.४४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या. मुलांचे प्रमाण ९१.६० टक्के होते. हा क्रम वर्षानुवर्षे टिकून असल्यामुळे त्याचे नावीन्य उरलेले नाही, आणि नावीन्य न उरल्यामुळे त्यातून उभा राहणारा प्रश्नही सहसा कोणी विचारीत नाही. परीक्षेत पुढे असणारी मुलगी स्वतःविषयीच्या विश्वासातही पुढे असते काय?

उपलब्ध संशोधन या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देते. १९९९ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी आत्मसन्मानाविषयीचे दोनशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा मुली स्वतःची किंमत मुलांपेक्षा सरासरीने कमी लावतात असे आढळले. फरक लहान होता. परंतु किशोरवयाच्या उत्तरार्धात, म्हणजे नेमक्या दहावी-बारावीच्या वयात, तो सर्वांत अधिक होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८ देशांतील सुमारे दहा लाख व्यक्तींच्या पाहणीतही स्त्री-पुरुषांमधील हाच कल दिसून आला.

दुसऱ्या बाजूचे चित्रही समाधानाचे नाही. तासाला दांडी मारणे, परवान्याविना भरधाव दुचाकी हाकणे, मारामाऱ्या, तंबाखूपासून सुरू होणारी व्यसने, या बाबतीत मुख्याध्यापकांपुढे उभे केले जातात ते बहुधा मुलगेच. एकीकडे आज्ञाधारक पण स्वतःविषयी साशंक अशी मुलगी आणि दुसरीकडे मोकळा पण जबाबदारीची सवय नसलेला मुलगा, असे हे चित्र आहे. दोघे पुष्कळदा एकाच घरात, एकाच आईबापांच्या हाताखाली वाढलेले असतात. या विसंगतीला वयात येताना होणारे शारीरिक बदल, शाळा, चित्रपट आणि हातातला भ्रमणध्वनी ही कारणे आहेतच. परंतु जे कारण घरातले आहे आणि म्हणून घरातल्या माणसांच्या हाती आहे, त्याचा विचार प्रथम होणे योग्य ठरेल.

पालकांच्या चार तऱ्हा

पालकत्वाच्या शास्त्रीय अभ्यासात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डायना बॉमरिंड यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९६० नंतरच्या दशकात बालवर्गातील मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे निरीक्षण करून त्यांनी पालकांच्या तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली जरबेची: हुकूम सुटायचा, कारण विचारायचे नाही. दुसरी मोकळीकीची: माया उदंड, पण नियम नाही आणि जाबही नाही. तिसरी समंजस शिस्तीची: नियम ठाम असतात, परंतु त्यामागचे कारण सांगितले जाते आणि मुलाची बाजू ऐकून घेतली जाते. १९८३ साली एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी या विभागणीला अधिक रेखीव रूप दिले. पालक मुलाकडून किती अपेक्षा ठेवतात आणि त्याला किती जिव्हाळा देतात, या दोन मापांवर त्यांनी पालकांना बसविले. त्यातून चौथी तऱ्हा निघाली, ती बेपर्वाईची: अपेक्षाही नाही आणि जिव्हाळाही नाही.

पुढील अभ्यासांचा साधारण कौल समंजस शिस्तीच्या बाजूने पडला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एकाच तऱ्हेचा परिणाम मुलगा आणि मुलगी यांच्यावर एकसारखा होताना दिसला नाही. जरबेत वाढलेली मुले रागीट आणि अवज्ञा करणारी होताना दिसली, तर तशाच जरबेत वाढलेल्या मुली परावलंबी आणि अवघड कामापासून मागे सरणाऱ्या दिसल्या. मुलाच्या वागण्यातला बिघाड बाहेर दिसतो, म्हणून त्याची दखल घेतली जाते. मुलीचा बिघाड आत मुरतो आणि वर पुन्हा त्याला 'शहाणी मुलगी' असे प्रशस्तिपत्र मिळते.

आत्मसन्मान मोजण्याची जी दहा विधानांची पट्टी आज जगभर वापरली जाते, ती मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क राज्यातील शाळांमधल्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीवर त्यांचे काम उभे होते. तुझ्या मित्रांना आई ओळखत असे काय, प्रगतिपुस्तक पाहून आईवडील काय म्हणत, जेवणाच्या वेळी तुझ्या बोलण्याकडे घरची माणसे लक्ष देत काय, असे त्यांचे प्रश्न अगदी घरगुती होते. त्यांतून निघालेला निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता. रागावणाऱ्या पालकांच्या मुलांपेक्षाही ज्यांच्या घरी कोणाचेच लक्ष नव्हते, त्या मुलांचा आत्मसन्मान कमी आढळला. मुलाला स्वतःची किंमत कळते ती कौतुकाच्या शब्दांतून तितकी नव्हे, जितकी आपल्या म्हणण्याला या घरात वजन आहे या अनुभवातून.

सुभाषितातला पुत्र

या सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, अमुक एक पालक अमुक एका तऱ्हेचा असतो. मराठी मध्यमवर्गीय घराला हे गृहीत लावू गेले की ते मोडते. येथे एकच बाप सकाळी मोकळीकीचा आणि संध्याकाळी जरबेचा असू शकतो. समोर कोण उभे आहे, मुलगा की मुलगी, यावर ते अवलंबून असते.

पाच वर्षांपर्यंत लाड करावेत, पुढील दहा वर्षे शिक्षेचा धाक ठेवावा आणि सोळावे वर्ष लागताच पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. किशोराला बरोबरीचे स्थान देण्याची ही सूचना आधुनिक मानसशास्त्रालाही मान्य व्हावी अशी आहे. पण सुभाषितात शब्द आहे तो 'पुत्र' असा. कन्येशी मैत्रीचे वर्ष कोणते, हे त्याने सांगितलेले नाही. ते सांगण्याची तेव्हा गरजही नव्हती, कारण सोळाव्या वर्षी कन्या त्या घरात असतच नसे. आज ती त्या घरात असते, शिकत असते, पंचविशीपर्यंत राहते. तिच्यासाठी नवे सुभाषित मात्र कोणी रचलेले नाही. त्यामुळे एकदा सुरू झालेला धाक तिच्या बाबतीत पुढे चालूच राहतो.

हा फरक रोजच्या व्यवहारात पाहावा. मुलाला 'लवकर ये' एवढेच सांगितले जाते. मुलीला 'सातच्या आत घरात' अशी घड्याळाची मर्यादा असते. मुलगा बाहेर गेला तर 'कुठे चाललास' हा प्रश्न औपचारिक असतो. मुलीला कुठे, कोणाबरोबर, कशासाठी आणि परत किती वाजता, अशी चार उत्तरे द्यावी लागतात. मुलाच्या भ्रमणध्वनीला कुलूप असले तरी चालते. मुलीने तसे केले की संशय येतो. जेवणानंतर ताटे उचलण्याचे काम परीक्षेच्या दिवसांतही तिच्याकडे येते आणि त्याच परीक्षेसाठी तिच्या भावाला पाण्याचा पेला जागेवर मिळतो.

परंतु मुलावर धाक नाहीच असे मानणे चुकीचे होईल. त्याच्यावरचा धाक वेगळ्या खात्यात असतो. वागणुकीत त्याला सूट आहे. गुणांत मात्र नाही. अभियांत्रिकी नाही तर वैद्यकीय, तेही नाही तर स्पर्धा परीक्षा, असा मार्ग त्याच्यासाठी आखलेला असतो आणि त्यावर त्याचे मत विचारलेले नसते. मुलीच्या बाबतीत उलट असते. ती काय शिकते याविषयी पुष्कळ घरे उदार असतात, परंतु त्या औदार्यात पुष्कळदा अपेक्षेचा अभाव दडलेला असतो. 'तिला आवडते ते करू दे' या वाक्याचा अर्थ तिच्या आवडीचा आदर असाही होतो आणि तिच्या मिळकतीवर कोणाचे काही अवलंबून नाही असाही होतो. तात्पर्य, मुलाला वागणुकीत मोकळीक आणि गुणांत जरब; मुलीला वागणुकीत जरब आणि महत्त्वाकांक्षेच्या बाबतीत मृदू स्वरूपाची बेपर्वाई. समंजस शिस्त दोघांच्याही वाट्याला येत नाही.

मनावरचा ताबा, वागण्यावरचा ताबा

याचे परिणाम समजण्यासाठी ब्रायन बार्बर या संशोधकाने १९९६ साली पुढे आणलेला एक भेद उपयोगी पडतो. पालकांचा मुलांवरचा ताबा दोन प्रकारचा असतो. एक वागण्यावरचा: वेळ, नियम, काम आणि त्यांची विचारपूस. दुसरा मनावरचा: अबोला धरणे, माया आखडती घेणे, अपराधी वाटावे असे बोलणे. पहिल्याच्या अभावाचा संबंध प्रामुख्याने बाहेरच्या गैरवर्तनाशी, तर दुसऱ्याच्या अतिरेकाचा संबंध आतल्या खिन्नतेशी असल्याचे त्यांच्या अभ्यासात दिसले.

हा भेद आपल्या घरांना लावून पाहिला तर बरेच काही उलगडते. मुलाच्या वागण्यावरचा ताबा आपण सैल सोडतो. 'मुलगा आहे, चालायचेच' या तीन शब्दांत त्याचे उशिरा येणे, उलट बोलणे, पसारा टाकून जाणे, बहिणीवर आवाज चढविणे हे सारे माफ होते. हा विश्वास नव्हे. ज्याच्याकडून काही मागितलेच जात नाही, त्याच्यावर विश्वास टाकण्याचा प्रसंगच येत नाही. मुलीच्या बाबतीत आपण वागण्यावरच्या ताब्याने थांबत नाही, मनावरच्या ताब्यापर्यंत पोहोचतो. 'बापाची मान खाली जाईल असे काही करू नकोस', 'चार लोक काय म्हणतील', 'तुझ्या धाकट्या बहिणीचे पुढे काय होईल' ही वाक्ये नियम सांगत नाहीत. घराण्याची अब्रू एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवून ती मोकळी होतात. नियमाचे पालन करता येते. अब्रूचे ओझे मात्र कितीही नीट वागले तरी उतरत नाही. मग तिला सतत वाटू लागते की आपण जशा आहोत तशा पुरेशा नाही. आत्मसन्मान कमी असणे म्हणतात ते हेच.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील आत्महत्यांत पुरुषांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. अठरा वर्षांखालील वयोगटात मात्र मुलींची संख्या मुलांहून अधिक होती. एका आकड्यावरून कारण सिद्ध होत नाही आणि प्रत्येक दुःखामागे पालकांचा हात शोधणे अन्यायाचे होईल. तरीही ज्या वयात घराचा प्रभाव सर्वांत अधिक असतो, त्याच वयात हे पारडे फिरते, ही गोष्ट दृष्टिआड करता येणार नाही.

मुलाचे नुकसान उशिरा लक्षात येते. त्याच्या आत्मसन्मानाची सारी इमारत गुण आणि नोकरी या एका खांबावर उभी केलेली असते. तो खांब खचला, म्हणजे प्रवेश हुकला, स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा अपयश आले, की त्याला आधार द्यायला दुसरे काही उरत नाही. स्वतःचे ताट धुणे, आजारी आजीजवळ बसणे, धाकट्याचा अभ्यास घेणे अशा कामांतून 'आपण उपयोगी आहोत' ही जाणीव येते. ती कामे त्याला कधी दिलेलीच नसतात. 'पुरुषाने रडायचे नसते' या शिकवणीमुळे तो अपयश बोलूनही दाखवीत नाही.

मूळ कारण हिशेबाचे

हे दोन मापांचे वागणे केवळ अज्ञानातून आले आहे असे समजून पालकांना उपदेश करीत बसण्यात अर्थ नाही. त्यामागे एक आर्थिक तर्क आहे. माथियास डेपके आणि फाब्रिझिओ झिलिबॉट्टी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, पालकांची तऱ्हा ही केवळ स्वभावाची बाब नसते. ज्या देशांत उत्पन्नाची विषमता कमी आहे, तेथील पालक मुलांना अधिक मोकळीक देताना दिसतात. स्वीडन हे त्याचे उदाहरण. जेथे विषमता तीव्र आहे आणि शिक्षणावर सारे भवितव्य ठरते, तेथे पालक मुलांच्या मागे लागतात. आपल्याकडील शिकवणी वर्गांची गर्दी, लातूरला किंवा कोट्याला मुलाला ठेवण्यासाठी काढलेले कर्ज, ही त्याच तर्काची फळे होत. चांगल्या जागा थोड्या आणि मागणारे अगणित असले की बापाची जरब वाढते.

हाच तर्क मुलीकडे वळला की वेगळा निघतो. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी आणि मुलगी म्हणजे परक्याचे धन, असा जुना हिशेब आहे. एकावर केलेला खर्च गुंतवणूक ठरतो, दुसरीवरचा खर्च कर्तव्य. गुंतवणुकीकडून परताव्याची अपेक्षा असते. परक्याचे धन मात्र सांभाळायचे असते, त्याला ओरखडा उमटू द्यायचा नसतो. म्हणून मुलाला गुणांचा धाक आणि मुलीला वागणुकीचा.

या हिशेबाचा कायदेशीर पाया केव्हाच खचलेला आहे. वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी विवाहित मुलीवरही येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच दिला होता. तो खटला कल्याण येथील एका डॉक्टर मुलीचा होता. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्यानेही मुलगा आणि मुलगी यांच्यात भेद केलेला नाही. वारसा समान आणि जबाबदारीही समान, असे कायदा सांगतो. पण घरातली वही अजून जुन्याच पद्धतीने लिहिली जाते. अनुभवही कायद्याच्याच बाजूचा आहे. वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात नेणारी, त्यांच्या औषधांचे पैसे भरणारी विवाहित मुलगी आज कोणत्याही चाळीत आणि वसाहतीत आढळते.

दुसऱ्या बाजूला मुलीच्या वेळेची किंमत शून्य धरण्याची सवय सुटलेली नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात असे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे होती. हे अंतर लग्नानंतर एकाएकी निर्माण होत नाही. त्याची उजळणी बाराव्या-तेराव्या वर्षीच सुरू झालेली असते.

भीतीचा प्रश्न

येथे पालकांच्या बाजूने एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. मुलीवरचे निर्बंध अविश्वासामुळे नसून रस्त्यावरच्या धोक्यामुळे आहेत, असे ते म्हणतील. धोका खोटा नाही. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ स्त्रीने दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुली अधिक चांगले महाविद्यालय सोडून कमी दर्जाचे पत्करतात, असे त्यांना आढळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर अशा तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा देशातील केवळ ४२ टक्के स्त्रियांना होती.

गरिबीत ही भीती आणखी कठोर रूप घेते. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबापुढे वयात आलेल्या मुलीचा प्रश्न उभा राहतो. गावी एकटी ठेवावी तर धास्ती, फडावर न्यावी तर तेथेही आडोसा नाही. शिवाय मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे 'कोयत्या'ला मिळते. मग लग्न हा एकाच वेळी संरक्षणाचा आणि मिळकतीचा उपाय ठरतो. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाल्याचे आढळले. या आईबापांना निर्दय ठरविणे सोपे आहे. त्यांच्या मुलींसाठी वसतिगृह आणि शाळा गावात टिकविणे हे अधिक अवघड असले, तरी खरे उत्तर तेच आहे.

परंतु ज्या घरांपुढे अशी अगतिकता नाही, त्यांनी भीतीचा आधार घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली अशी की, पाळत ठेवल्याने मुलीविषयी माहिती मिळते हा समज मोठ्या अंशी चुकीचा आहे. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी स्वीडनमधील चौदा वर्षांच्या मुलामुलींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुले कोठे जातात, काय करतात, याची पालकांना असलेली माहिती प्रामुख्याने मुलांनी आपण होऊन सांगितल्यामुळे आलेली होती, चौकशीमुळे किंवा पहाऱ्यामुळे नव्हे, असे त्यांना दिसले. जी मुलगी रागाच्या भीतीने घरी सांगणे थांबवते, तिच्यावरचे संकट घराला सर्वांत शेवटी कळते. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी जरब बसवायची, तिलाच जरबेने धक्का पोहोचतो. दुसरी गोष्ट अशी की, रस्त्यावरचा धोका ज्यांच्यापासून आहे तेही कोणाचे तरी मुलगेच आहेत. मुलीला सातच्या आत घरात बोलाविणारे आणि मुलाला रात्री अकरापर्यंत कोठे होतास हे न विचारणारे घर, या धोक्याच्या दोन्ही टोकांना हातभार लावीत असते.

काही शंका

हे संशोधन बहुतांशी पाश्चात्त्य आहे, ते आपल्याला जसेच्या तसे लागू होईल काय, अशी शंका घेतली जाईल. ती रास्त आहे. १९९४ साली रूथ चाओ यांनी चिनी वंशाच्या कुटुंबांविषयी लिहिताना हेच दाखविले की, पाश्चात्त्य मोजपट्टीवर जी जरब दिसते तिच्यात मुलांना कळणारी काळजी आणि कष्ट असू शकतात. मराठी घरातली कडक आई पुष्कळदा तशीच असते. तसेच, तऱ्हा आणि परिणाम यांचा संबंध दिसला म्हणजे एकातून दुसरे निघाले असे सिद्ध होत नाही. हूड मूल असले की पालक कठोर होतात, हेही खरे आहे. पण हे आक्षेप मान्य केल्यावरही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. जरब ही मायेचे रूप असेल, तर ती मुलालाही लागू व्हावी. मोकळीक हा विश्वास असेल, तर तो मुलीलाही मिळावा. कोणती तऱ्हा उत्तम, यावर मतभेद असू शकतील. एकाच घरात दोन तऱ्हा का, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

या बाबतीत दोष एकट्या बापाच्या माथी मारता येत नाही. हरियाणातील शाळकरी मुले आणि त्यांचे पालक यांच्या अभ्यासात दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की, स्त्री-पुरुष भेदाविषयीची मुलांची मते सोबत्यांपेक्षा पालकांकडून अधिक येतात आणि त्यातही वडिलांपेक्षा आईचा प्रभाव मोठा असतो. जिने स्वतः हा धाक सोसला, तीच पुढे तो लेकीला देते, आणि तेही तिच्या भल्याच्या भावनेने.

शाळा काय करू शकते

त्याच संशोधकांनी हरियाणातील ३१४ सरकारी शाळांमध्ये केलेला प्रयोग मात्र आशा देणारा आहे. त्यांपैकी सुमारे निम्म्या शाळांत, सातवी ते दहावीच्या टप्प्यात, दर तीन आठवड्यांनी पाऊण तासाचा एक तास असा अडीच वर्षे चालविण्यात आला. मुलगे आणि मुली यांनी एकत्र बसून घरकाम, शिक्षण, लग्न, नोकरी यांविषयी चर्चा केली. मुलांची मते बदलली आणि काही अंशी वागणेही बदलले. मुलगे घरकामात हात लावू लागल्याचे सांगू लागले. दोन वर्षांनंतरही हा बदल टिकून होता. बदल प्रचंड नव्हता, परंतु त्याला लागला होता तो केवळ वेळ. असा तास आपल्या शाळांच्या वेळापत्रकात बसविण्यास मोठा निधी लागणार नाही. पालकसभेत गुणांच्या यादीबरोबर एखादा प्रश्न घरातल्या कामांच्या वाटणीविषयीही विचारता येईल.

घराने करायची गोष्ट याहून साधी आहे. नियम असावेत, पण त्यांत नावे नसावीत. घरी येण्याची वेळ ठरवायची तर दोघांसाठी ठरवावी. ताटे उचलायची तर पाळीने उचलावीत. खर्चाला हातात पैसे द्यायचे तर दोघांना द्यावेत आणि हिशेबही दोघांकडून घ्यावा. मुलीने नकार दिला तर तिचे कारण ऐकावे आणि मुलाने चूक केली तर त्याला ती निस्तरायला लावावी. मुलाची शाखा ठरविताना त्याला विचारावे आणि मुलीची शाखा ठरल्यावर तू पुढे काय कमावणार आहेस, हेही तिला विचारावे. अपेक्षा हाही आदराचाच एक प्रकार आहे.

राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क भरण्यासाठी जशी शासनाची मदत लागते, तशी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात राहण्यासाठी घरची परवानगी लागते आणि तेथे उभे राहण्यासाठी स्वतःवरचा विश्वास लागतो. पहिली गोष्ट शासन निर्णयाने मिळू शकते. उरलेल्या दोन गोष्टी ज्या घरात मिळावयाच्या, तेथे प्रवेशअर्ज भरण्याच्या दिवशी त्या एकाएकी निर्माण होत नाहीत. जेवताना तिचे म्हणणे किती वेळा ऐकून घेतले गेले आणि तिच्या भावाला किती वेळा ताट उचलायला सांगितले गेले, यावर त्या अवलंबून असतात.